परावैद्यक पदविका : खर्च आणि मिळकत

बारावीनंतर साधारण दोन वर्षांत पुरा होणारा, रुग्णसेवेतील तांत्रिक कामाचा अभ्यासक्रम. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस आणि (कायद्याने वेगळे असले तरी लोकांच्या हिशेबात याच रांगेतले) औषधनिर्माण ही त्याची ओळखीची क्षेत्रे. घरात ‘परावैद्यक’ हा शब्द कुणी वापरत नाही. ‘मुलगी डीएमएलटी करतेय’, ‘तो ओटी टेक्निशियन आहे’ असेच सांगतात; डीएमएलटी म्हणजे प्रयोगशाळेची पदविका, ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृह. अमेरिकेत या पायरीवर दोन वर्षांची असोसिएट पदवी असते आणि क्ष-किरण तंत्रज्ञ किंवा श्वसनोपचार तंत्रज्ञ होण्यास शिक्षण म्हणून ती सहसा पुरते. आपल्याकडे हा कागद कुठे चालतो आणि कुठे अडतो, यावर त्याची किंमत ठरते.

नाशिकमध्ये हा प्रश्न जरा जवळून विचारला जातो. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे शिक्षण ज्याच्या अखत्यारीत येते ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना 1998) म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. जिल्हा रुग्णालय, आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय, घोटीजवळच्या धामणगावचे एसएमबीटी रुग्णालय आणि शहरातली असंख्य खासगी रुग्णालये यांना तंत्रज्ञ लागतात. शिकायला येणारी मुले सुरगाणा, पेठ, कळवणपासून येतात. त्यांच्या बाबतीत फीपेक्षा खोलीभाडे आणि मेस जड जाते. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास ‘स्वयं’ योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम मिळू शकते; तिची चौकशी प्रवेशाआधीच करावी.

खर्च मोजताना माहितीपत्रकातला आकडाच धरण्याची चूक सर्रास होते. समजा, फी वर्षाला 60,000 रुपये आहे. दोन वर्षांचे 1,20,000. याच काळात अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात महिना 10,000 मिळाले असते, तर बुडालेली मजुरी 2,40,000. म्हणजे खरी गुंतवणूक 3,60,000 आणि तिचा मोठा वाटा फीचा नाहीच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. रीत मात्र प्रत्येकाला लागू. शिकाऊ म्हणून बिनपगारी काढलेले महिनेही यात मिळवायचे. ‘अनुभव मिळतोय ना’ हे वाक्य रुग्णालयाचा पगार वाचवते, उमेदवाराचा नाही.

आता मिळकत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्माता यांचे मानधन महिना 17,000 रुपये असे दिसत आले आहे. वरच्या उदाहरणातल्या मजुरीपेक्षा हे 7,000ने जास्त. तेव्हा 3,60,000 भरून यायला चार वर्षे तीन महिन्यांच्या वर लागतात. जिल्हा परिषदेच्या 2023च्या भरतीत औषध निर्माण अधिकाऱ्याची वेतनश्रेणी 29,200 ते 92,300 होती. महागाई भत्ता न धरताही गुंतवणूक एकोणीस महिन्यांत वसूल होते, आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी असलेल्या पदविकाधारकाला या पदासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याच भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाची श्रेणी त्याहून वरची, 35,400 ते 1,12,400, असूनही अर्हता विज्ञानाच्या पदवीची होती. बारावीनंतर थेट प्रयोगशाळेची पदविका घेतलेला उमेदवार कामात कितीही सरावलेला असो, तिथे बाहेरच राहतो. म्हणून आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा परावैद्यक तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा, शिवाय वर्षभराच्या आंतरवासितेचा पदवीक्रम वेळेने दुप्पट असला तरी, तो हव्या त्या पदाच्या अर्हतेत बसत असेल तर, स्वस्त पडू शकतो.

‘स्वतःची लॅब टाकू’ हा बेतही पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2017च्या आदेशानुसार तपासणी अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते. रक्त तंत्रज्ञ काढतो, यंत्र तो चालवतो, अहवालाचा वजनदार भाग मात्र दुसऱ्याच्या पेनात असतो, आणि त्या पेनाचे मानधन लॅबच्या नफ्यातून जाते.

कायद्याची चौकट 2021च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने बदलली. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यास दोन ते चार वर्षांत किमान 2,000 तासांचे शिक्षण हवे. दुकानगाळ्यातल्या सहा महिन्यांच्या ‘पॅरामेडिकल’ प्रमाणपत्राची कसोटी यातच लागते: फी कमी असली तरी तो खर्चच, गुंतवणूक नव्हे. घरी बसून शिकण्याचा मार्गही आक्रसला आहे. या कायद्याखालचे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025मध्ये बंद केले.

डायलिसिस किंवा शस्त्रक्रियागृह या शाखांत खासगी नोकरी तुलनेने लवकर लागते, पण रात्रपाळी आणि एकाच रुग्णालयावरचे अवलंबित्व त्यासोबत येते. गावाकडे परतायचे असेल तर औषधनिर्माणाची नोंदणी अधिक उपयोगी, कारण ती तालुक्याच्या मेडिकल दुकानातही चालते.

प्रवेश घेण्याआधी संस्थेचे माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि हव्या त्या पदाची गेल्या भरतीतली जाहिरात काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना वाचावा. मग संस्थेत जाऊन एकच विचारावे: तुमच्या कागदावर कोणत्या परिषदेत नोंदणी होते? उत्तर लेखी मागावे.