भंडाऱ्याची जमीन आणि फरसबंदीचे गणित

काँक्रीटच्या फरसबंदीचा इतिहास बहुधा गणनसाधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हाताने करावयाचे गणित मागे पडले, संगणक आला आणि अनिश्चितता संपली, असा त्याचा सूर असतो. भंडारा जिल्ह्याच्या भूमीवर हा सूर तपासून घ्यावा लागतो.

या गणिताचा पाया विंक्लरने १८६७ मध्ये घातला. जमीन म्हणजे परस्परांपासून स्वतंत्र अशा असंख्य स्प्रिंगांची गादी, ही त्याची कल्पना. तिच्या आधारे वेस्टरगार्डने १९२६ मध्ये काँक्रीटच्या लादीतील ताणाची सूत्रे मांडली. लादी सर्वत्र जमिनीला टेकलेली आहे, हे त्यांत गृहीत होते. कारखान्यात घडवून जागेवर आणून बसविलेल्या लादीखाली मात्र पोकळी राहण्याचा संभव असतो. तिचा हिशेब सुकर झाला तो ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीमुळे. हे नाव क्लफने १९६० मध्ये रूढ केले. पुढे इलिनॉय विद्यापीठात ‘इलि-स्लॅब’ हा प्रोग्रॅम सिद्ध झाला. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीट-रस्तेविषयक संहितेच्या २००२ च्या आवृत्तीत ‘आयआयटीरिजिड’चा अवलंब झाला.

तथापि जमिनीच्या आधाराचा आकडा या प्रोग्रॅमांना बाहेरूनच पुरवावा लागतो. तो जागेवर पोलादी तबकडी दाबून मोजावयाचा असतो. ते न झाल्यास चार दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्याच्या सीबीआर चाचणीवरून कोष्टकातून घेतात. म्हणजे विंक्लरची स्प्रिंग संगणकातही कायम राहिली.

वैनगंगेच्या खोऱ्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याने जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी नावे दिली आहेत. कन्हार काळी, चिकण व पाणी धरून ठेवणारी. बरडी उथळ व मुरमाड. पावसाळ्यात भिजलेली कन्हार आणि तिच्यालगतची बरडी यांना एकच आकडा लावला, तर प्रतिमान कितीही सूक्ष्म असले तरी उत्तर चुकीचेच येणार. गावगल्ल्यांतील ‘गट्टू’ हेही पूर्वनिर्मित फरसबंदीचेच लहान रूप होय. त्यांचे गणित निराळे, पण जमिनीवरील त्यांची भिस्त तीच.

ही नावे म्हणजे मोजमाप नव्हे. परंतु नमुने कोठे घ्यावेत आणि आकडा कोठे बदलावा, याची पहिली सूचना त्यांत आहे. नव्या पिढीच्या तोंडून ही नावे लुप्त झाली, तर हानी केवळ भाषेची होणार नाही.