माव्याची आणेवारी

तेरेखोल नदीच्या काठचे बांदा हे आदिलशाही अमदानीत नावारूपास आलेले बंदर; सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने आपल्या वृत्तांतात त्याची दखल घेतली, आणि पुढे हा मुलूख सावंतवाडी संस्थानात सामील झाल्यावर 1880 साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरातही त्यास स्थान मिळाले. परंतु बंदरे, ठाणी आणि राजवटी यांचा इतिहास ज्या आस्थेने लिहिला जातो, त्या आस्थेने मळ्यातील पिकांचा आणि त्यांवर उपजीविका करणाऱ्या कीटकांचा इतिहास लिहिला जात नाही. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी, कुळीथ, वाल अशी कडधान्ये घेण्याची वहिवाट या प्रदेशात जुनी आहे. आणि थंडीच्या दिवसांत चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर, फुलांच्या देठांवर आणि शेंगांवर काळ्या माव्याचे थर बसून वेल आकसून जावा, हा अनुभवही तितकाच जुना आहे.

या उपद्रवाचे पहिले निरीक्षक अर्थातच शेतकरी होत. वेलावर मुंग्यांची ये-जा वाढली की वर मावा आला असे ओळखावे, कारण माव्याच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड, चिकट स्रावासाठीच त्या येतात. सकाळी दव असताना चुलीतील राख शेंड्यांवर धुरळावी. आणि ज्या वेलावर मावा कमी, त्याच्या शेंगा बियाण्यासाठी राखून ठेवाव्यात, हा शहाणपणाचा क्रम होता. महसुलाच्या कामी सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे मानून, उभ्या पिकाकडे पाहून त्याची आणेवारी ठरवीत. शेतकऱ्याची ही निवडही तद्वत् नजर पाहणीची होती. तिच्यात निकाल मिळत असे, निकालाचे कारण मात्र मिळत नसे.

शास्त्रज्ञांची वाटही प्रारंभी याहून फार वेगळी नव्हती. इंग्लंडात ‘विंटर मॅजेटिन’ या जातीच्या सफरचंदाला लोकरी मावा लागत नाही, अशी नोंद लिंडले यांनी 1831 साली केली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात माव्याच्याच गणगोतातील फायलोक्झेरा या कीटकाने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन द्राक्षवेलींच्या खुंटांवर कलमे बांधून ते पुन्हा उभे करण्यात आले. 1951 साली अमेरिकेतील रेजिनाल्ड पेंटर यांनी आपल्या ग्रंथात पिकाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले: कीटकास ते झाड न रुचणे, त्यावर जगून कीटकाची वाढ खुंटणे, आणि कीटक असूनही झाडाने उत्पन्न टिकविणे. आपल्याकडे सोलापूरच्या करडई संशोधनात हीच परंपरा दृष्टीस पडते. पेरणी मुद्दाम उशिरा करावयाची, म्हणजे पिकाचे कोवळेपण आणि माव्याचा बहर यांची गाठ पडते. नंतर झाडाच्या शेंड्याच्या पाच सेंटिमीटर भागावरील मावा मोजावयाचा आणि झाडाच्या अवस्थेवरून त्यास श्रेणी द्यावयाची. 1982 साली प्रसारित झालेला, मावा सहन करणारा ‘भीमा’ हा वाण याच संशोधनाची देणगी होय. ही मोजणी अत्यंत उपयुक्त ठरली. तथापि दोन झाडांवर मावा सारखाच कमी आढळला, तर तो दोहोंवर एकाच कारणाने कमी आहे काय, या प्रश्नापुढे ती निरुत्तर होते.

उत्तर वनस्पतीच्या अंतरंगात होते. मावा पान कुरतडत नाही. सुईसारखी सोंड पेशींच्या मधून हळूहळू सरकवीत तो रसवाहिनीपर्यंत पोहोचतो. 1953 साली केनेडी आणि मिट्लर यांनी रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापली, तेव्हा झाडात रुतून राहिलेल्या तुकड्यातून रस आपसूक वाहत राहिला, आणि रसवाहिनीतील दाबच मावा पोसतो हे सिद्ध झाले. 1964 साली कॅलिफोर्नियातील मॅक्लीन आणि किन्सी यांनी एक पाऊल पुढे टाकले. माव्याच्या पाठीवर केसाहून बारीक तार चिकटवावयाची, दुसरी तार कुंडीतील मातीत रोवावयाची आणि क्षीण विद्युत्प्रवाह सोडावयाचा. माव्याने सोंड रोवताच मंडल पूर्ण होऊन नोंदपट्टीवर लहरी उमटू लागतात. हॉलंडमधील वाखेनिंगेन येथे चालिंगी यांनी 1978 साली या पद्धतीत एकदिश प्रवाहाची योजना केली, आणि सोंडेने एखादी पेशी क्षणभर टोचली तरी तेवढ्याने पडणारी विद्युद्दाबाची घटही दिसू लागली. तासन्‌तास चालणाऱ्या या नोंदीत सोंड पेशींमधून वाट काढीत आहे, रसवाहिनीत लाळ सोडीत आहे, रस पीत आहे की जलवाहिनीतील पाणी ओढीत आहे, हे लहरींच्या आकारावरून ओळखता येते.

यामुळे प्रतिकाराचे ठिकाण सांगणे शक्य झाले. रसवाहिनी गाठण्यास माव्याला फार विलंब लागत असेल, तर अडसर पानाच्या वरच्या थरांत आहे. आणि तेथे पोहोचून, लाळ सोडूनही त्यास पिणे टिकविता येत नसेल, तर अडसर रसवाहिनीतच आहे. चवळीवरही असा अभ्यास झाला असून, प्रतिकारक वाणावर मावा वारंवार सोंड उपसतो आणि रसवाहिनीतील रस पिण्यास कमी वेळ देतो, असे त्यात आढळले. युरोपात रानटी सॅलडच्या जातीतून आणलेला एक प्रतिकारक जनुक रसवाहिनीतच कार्य करतो, हेही याच लहरींनी दाखविले. परंतु त्या एकाच जनुकावर सर्वत्र भिस्त ठेवल्यामुळे 2007 च्या सुमारास त्यास न जुमानणारा मावा उद्भवला. त्याहूनही सूक्ष्म धोका विषाणूंचा आहे. पुण्यातील संशोधक कपूर आणि वर्मा यांनी 1948 साली पपईवरील ज्या केवडा रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, तसले रोग पसरविण्यास माव्याने झाडावर वस्ती करण्याचीही गरज नसते. काही सेकंदांच्या टोचण्या पुरतात. अशा झाडावर मावा मोजून शून्य आला, तरी ते झाड सुरक्षित ठरत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, प्रतिकारक वाणाच्या नोंदीत त्याच्या श्रेणीबरोबरच तिचे कारणही लिहिले गेले पाहिजे. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आणि वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याहीपूर्वीपासून कोकणच्या पिकांची सेवा करीत आहेत; त्यांच्या कार्यास या सूक्ष्म परीक्षेची जोड लाभली, तर एक वाण वरच्या थरात रोखतो आणि दुसरा रसवाहिनीत, असे जाणून दोन्ही गुण एका बियाण्यात आणण्याचा विचार करता येईल, आणि एक अडसर माव्याने ओलांडला तरी दुसरा उभा राहील. मात्र त्यासाठी घरोघरी राखलेले गावठी चवळीचे बियाणे शिल्लक असले पाहिजे, कारण यंत्र कितीही कुशाग्र असले तरी ते असलेल्या गुणाचाच शोध घेते. नष्ट झालेला गुण ते निर्माण करू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नजर पाहणीने ज्यांनी हे बियाणे निवडले, त्यांच्या निवडीमागची कारणे शोधून काढणे आणि ती शेतकऱ्यांच्या हाती परत देणे, हे आपल्या कृषिविज्ञानाचे कर्तव्य आहे.