पोथीचा चष्मा आणि वाटेचा चष्मा

१/ यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा. औद्योगिक वसाहत, मे महिन्यात ४० अंशांपलीकडे जाणारा पारा, कोरडी हवा आणि धूळ. अशा हवेत वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचे डोळे चुरचुरू लागतात आणि तो चष्म्याकडे वळतो. नंबर अचूक असतो, अक्षर स्वच्छ दिसते. तरीही जिना उतरताना पाऊल अडखळते. असे का व्हावे? याचे उत्तर चष्म्याच्या इतिहासात सापडते. #थ्रेड

२/ आधी शब्द पाहू. ‘चष्मा’ या शब्दाचे मूळ फारसी ‘चश्म’, म्हणजे डोळा. संस्कृतात त्याला ‘उपनेत्र’ म्हटले गेले. मराठीने मात्र स्वतःचा शब्द घडवला : ‘चाळिशी’. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर धूसर होते. म्हणजे भाषेने चष्म्याची नोंद केली ती प्रौढ वयाची, वाचणाऱ्या माणसाची वस्तू म्हणून.

३/ भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा मागोवा घेतला तो पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी इ. स. १५०० ते १८०० या काळातील चष्म्याचे उल्लेख जुन्या ग्रंथांतून वेचून काढले. राजांच्या लढायांबरोबरच रोजच्या वापरातील वस्तूंनाही इतिहास असतो, ही त्यांच्या अभ्यासाची दृष्टी होती.

४/ त्यांतील एक महत्त्वाचा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथातील, सुमारे १५२० चा. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) पोथी वाचताना चष्मा वापरत, असे त्यात दिसते. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला १५१० मध्ये. ही वस्तू त्यांच्यामार्फत या दरबारी पोहोचली असावी, असा तर्क केला जातो.

५/ युरोपातही चष्मा तेव्हा फार जुना नव्हता. १३०६ मध्ये फ्लोरेन्स येथील प्रवचनात जॉर्दानो दा पिसा या धर्मोपदेशकाने सांगितले होते की, या कलेचा शोध लागून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. त्यावरून इटलीतील चष्म्याचा जन्म १२८६ च्या आसपासचा मानतात.

६/ मात्र त्या चष्म्याला काड्या नव्हत्या! दोन भिंगे खिळ्याने जोडून नाकावर टेकवायची किंवा हाताने धरायची. मान हलली की तो घसरे. त्यामुळे तो बसून वापरायचा, काम संपले की उतरवून ठेवायचा. दूरचे पाहण्यासाठीही चष्मे होते : १४६२ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने फ्लोरेन्सहून मागवलेल्या तीन डझन चष्म्यांत एक डझन दूरदृष्टीसाठी होते. पण ते लावून दिवसभर हिंडणे अवघडच होते.

७/ १७२० च्या दशकात लंडनमधील एडवर्ड स्कार्लेट या चष्मेकाराने कानशिलांवर टेकणाऱ्या ताठ काड्या प्रचारात आणल्या. दोन्ही हात मोकळे झाले. पोथीपुढे बसणारा चष्मा आता माणसाबरोबर जिने चढू-उतरू लागला, आणि पाऊल अडखळण्याचा प्रश्नही त्याच्याबरोबर चालू लागला.

८/ या प्रश्नाचे मूळ एका छोट्या अंतरात आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते. उणे ५ नंबरच्या काचेतून या अंतरामुळे जग सुमारे ६ टक्के लहान दिसते. शिवाय डोळा वळतो, काच वळत नाही. खाली पाहताना नजर काचेच्या कडेच्या जाड भागातून जाते आणि पायरी आहे त्याहून किंचित वर भासते.

९/ लेन्सने हे अंतरच मिटवले. १८८८ मध्ये अडोल्फ फिक यांनी डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. ती काही तासांपलीकडे सोसवत नसे. १९६१ मध्ये ऑटो विख्टरले यांनी प्रागमधील घरी, मुलांच्या खेळण्यातील यंत्रजोडणीच्या सुट्या भागांपासून बनवलेल्या यंत्रावर, मऊ लेन्स तयार केली. ती पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाची असल्याने डोळ्यास सोसवते. परंतु कोरड्या हवेत सुकतेही.

१०/ लेन्स बुबुळावर बसते, नजरेबरोबर फिरते आणि वस्तूंचा आकार जवळजवळ बदलत नाही. मान वळली की डोळे उलट दिशेला किती फिरवावेत, पाऊल किती खाली टाकावे, याचा हिशोब मेंदूने वर्षानुवर्षे त्या दृष्टीवर बसवलेला असतो. चष्मा लागताच तो हिशोब थोडा चुकतो. गरगरणे, कडा वाकड्या दिसणे, जमीन डोलल्यासारखी वाटणे हे त्याचेच परिणाम.

११/ हा हिशोब नव्याने बसतो का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९७ मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. जग उलटे दाखवणारी भिंगे त्यांनी आठ दिवस वापरली. ती काढली की ते डोळे बांधून घेत, जुने जग नजरेस पडू नये म्हणून. आरंभी प्रत्येक हालचाल चुकत होती. दिवस सरले तसे हात-पाय नव्या दृश्याला सरावले. त्यापुढे ६ टक्क्यांचा फरक किरकोळ म्हणावा लागेल.

१२/ तरीही अनेकांचा नवा चष्मा दोन दिवसांत टेबलाच्या खणात जातो. ‘नंबरच चुकला’ असे म्हणून माणूस सुकलेली लेन्स पुन्हा लाल डोळ्यांवर चढवतो किंवा धूसर नजरेनेच दुचाकी काढतो. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. चष्मा सकाळपासून सलग लावावा; सवय होईपर्यंत जिन्यावर कठडा धरावा, खाली पाहताना फक्त नजर न झुकवता मानही झुकवावी आणि गरगरत असेल तोवर वाहन चालवू नये. एक-दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला, तर मात्र नंबर आणि भिंगांचे केंद्र पुन्हा तपासून घ्यावे. चूक तिथेही असू शकते.

१३/ व्यासतीर्थांच्या चष्म्याकडून अपेक्षा एकच होती : समोरची पोथी वाचता यावी. लोहाऱ्यातील चष्म्याने रस्ता, जिना, गाडीचा आरसा आणि मोबाइल हे सारे एकाच काचेतून दाखवायचे आहे. मधले १२ मिलिमीटर तेवढेच राहिले आहेत. ते ओलांडण्याचे काम मेंदू करतो, आणि त्यासाठी त्याला काही दिवस द्यावे लागतात.