नंदुरबारचे कारागीर : इब्न बतूतापासून अक्कलकुव्याच्या आयटीआयपर्यंत

इसवी सन 1342 च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतच्या बंदराकडे निघाला होता. दिल्लीचा सुलतान मुहंमद बिन तुघलक याने त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवलं होतं. वाटेत त्याला एक लहानसं शहर लागलं. त्याच्या प्रवासवर्णनात त्याचं नाव 'नझरबार' असं येतं. तेच आपलं नंदुरबार. इथं मराठे राहतात, असं सांगून तो पहिल्याच वाक्यात त्यांची ओळख करून देतो. हे लोक कारागिरीत निष्णात आहेत, त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. मग भात, भाजी, तिळाचं तेल अशा त्यांच्या जेवणाची आणि स्वच्छतेच्या सवयींची हकिकत येते. पण आधी हात, मग ताट.

आज नंदुरबारचं नाव निघालं की काय आठवतं? कुपोषण, स्थलांतर, आणि 2011 च्या जनगणनेत राज्यात सगळ्यात खाली असलेलं 64 टक्क्यांचं साक्षरतेचं प्रमाण. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सरकारी कागदावर जन्मापासूनच 'मागास' आहे. सातशे वर्षांपूर्वी एका परदेशी काझीला मात्र इथं सगळ्यात आधी दिसलं ते कसब.

इब्न बतूताने त्यासाठी वापरलेले दोन अरबी शब्द महत्त्वाचे आहेत. 'सनाए' म्हणजे हस्तोद्योग, कारागिरी. 'इत्कान' म्हणजे काम पक्कं करणं, त्यात खोट न ठेवणं. हा दुसरा शब्द मशिदीत बयान ऐकणाऱ्या कुणालाही ओळखीचा आहे. बंदा एखादं काम हाती घेतो तेव्हा ते इत्कानने करावं हे अल्लाहला आवडतं, अशा आशयाची हदीस आपण वर्षानुवर्षं ऐकतो. बहुतेक वेळा ती नमाज-रोज्याला लावून सांगितली जाते. वेल्डिंगच्या सांध्याला ती तितकीच लागू पडते, हे मिंबरवरून क्वचितच ऐकू येतं.

खरं तर परंपरेत याला भरपूर आधार आहे. कुरआनमध्ये हजरत दाऊद लोखंडाची चिलखतं घडवतात, हजरत नूह स्वतः नाव बांधतात. दाऊद आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे सहीह बुखारीत आलेलं आहे. जुन्या फकीहांची नावं पाहिली तरी बाजारपेठेतून फिरल्यासारखं वाटतं. नवव्या शतकातले हनफी कायदेपंडित अल-खस्साफ. खस्साफ म्हणजे जोडे शिवणारा. वक्फच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. मर्व शहरातले शाफई इमाम अल-कफ्फाल कुलूपं बनवायचे. किल्लीसकट चार दाण्यांच्या वजनाचं कुलूप त्यांनी केलं होतं असं सांगतात. वयाच्या तिशीत ते फिक्ह शिकायला बसले. कुलूपवाला ही ओळख त्यांनी लपवली नाही, आणि शिष्यांनीही ती पुसली नाही.

मग बिघडलं कुठे? फिक्हच्याच पुस्तकांत एक प्रकरण आहे, 'कफाअत'. आपल्याकडे बोलताना 'कुफू' म्हणतात, म्हणजे लग्नातली बरोबरी. हनफी ग्रंथकारांनी त्यात पेशाही धरला. विणकर, हजाम, कातडं कमावणारा यांना कापडाचा किंवा अत्तराचा व्यापार करणाऱ्याच्या बरोबरीचं मानलं नाही. इमाम मालिक यांनी ही बरोबरी मुख्यतः दीनदारीवर ठेवली होती. पण हिंदुस्थानात हनफी मत चाललं, आणि इथल्या जातिव्यवस्थेशी त्याचं छान जुळलं. कापड विणणारा खाली, कापड विकणारा वर. माझ्या मते आपल्या समाजाचं कारागिरीच्या बाबतीत झालेलं सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्यात आहे, आणि ते बाहेरच्या कुणी केलेलं नाही.

खानदेशात याचे पुरावे गल्लोगल्ली आहेत. 1857 नंतर आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या भागांतले विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे आले आणि मालेगाव, धुळे, भिवंडीत स्थिरावले. त्यांच्या मागांवर ही शहरं उभी राहिली. तरी 'जुलाहा' ही शिवी राहिली. म्हणून त्यांनी स्वतःला मोमीन, अन्सारी म्हणवून घेतलं. पिंजाऱ्यांचंही तसंच. खानदेश कापसाचा मुलूख, त्यामुळे पिंजारी गावोगाव होते. हिवाळा तोंडावर आला की खांद्यावर धनुकली घेऊन दारात यायचे आणि गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. ते आपलं नातं मन्सूर हल्लाजशी जोडतात. 922 मध्ये बगदादमध्ये ज्याला मृत्युदंड दिला गेला, तो सूफी. हल्लाज या शब्दाचा अर्थच पिंजारी. एवढा मोठा वारसा सांगणाऱ्या माणसाला आपण ओट्यावर बसवलं, घरात नाही.

नंदुरबारच्या इतिहासात मात्र याहून कमी माहीत असलेला एक मुस्लिम धंदा आहे, रोशा तेलाचा. सातपुड्याच्या उतारांवर रोशा नावाचं सुगंधी गवत उगवतं. काही भागांत त्याला तिखाडी म्हणतात. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या तेलाची तपशीलवार हकिकत आहे. तेल काढणारे मुसलमान. पावसाळा सरत आला, गवत पिकायला लागलं की ते भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे, गंजी रचायचे आणि लाकूड-पाणी मुबलक असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावायचे. जमिनीत खड्डा खणून चूल करायची, तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडी मोठी कढई. कढईत पाणी आणि गवत भरून झाकण घट्ट लिंपायचं. आतली वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची. तिथं ती थिजली की पाण्यावर तेल तरंगतं, ते काढून घ्यायचं.

वाचताना सोपं वाटतं, पण करून पाहावं. गवत कोवळं असताना कापलं तर तेलाचा वास वेगळा, पिकल्यावर कापलं तर वेगळा. या गवताच्या 'मोतिया' आणि 'सोफिया' अशा दोन जाती, त्यातली मोतिया उंची. जाळ जास्त झाला की तेल करपलं, कमी पडला की वाफच धड चढत नाही. हे सगळं नाकाने आणि हाताच्या अंदाजाने ठरायचं. कोणत्या उतारावर कोणतं गवत, ते कधी कापायचं हे भिल्लांना ठाऊक. भट्टी मुसलमानांची. दोघांपैकी एकाचं ज्ञान काढून घेतलं तर कढईत नुसतं उकळतं पाणी उरलं असतं. आदिवासी आणि मुसलमान यांच्या या भागीदारीवर आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही, याचं मला नवल वाटतं.

तेल बैलांवर लादून घाटातून सुरतेला, किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जायचं. तिथून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलपर्यंत. तुर्की बाजारात गुलाबाच्या महागड्या अत्तरात ते मिसळलं जाई, आणि ही भेसळ भल्याभल्यांच्या नाकाला ओळखता येत नसे. म्हणजे युरोपातल्या बायका जे गुलाबाचं अत्तर म्हणून लावत, त्यात सातपुड्याचं गवत असू शकत होतं. बाटलीवर नाव गुलाबाचं, नफा दलालाचा. ओढ्याकाठी रात्रभर जाळ सांभाळणाऱ्याचं नाव कोणत्याच कागदावर आलं नाही.

कागदाचा हा प्रश्न पुढे अधिकच मोठा झाला. इंग्रजी अमलात नवीन शिक्षण आलं तेव्हा मुस्लिम पुढाऱ्यांनी कारकुनी, वकिली आणि सरकारी नोकरीकडे पाहिलं. 1875 चं अलीगढ मुख्यतः शरीफ घरांतल्या मुलांसाठी होतं. मदरशांनी किताब सांभाळली. नाही म्हणायला देवबंदमध्ये शिवणकाम, पुस्तकबांधणी शिकवणारा 'दारुस्सनाए' हा विभाग होता. नावात तोच इब्न बतूताचा शब्द, पण विभाग कोपऱ्यातला. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामने 1936 मध्ये भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशाळा उभी केली. तिथून पिढ्यान्पिढ्या मुलं हातात पाना घेऊन बाहेर पडली. पण ती मुंबई. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाला भायखळा आणि बगदाद सारखेच लांब.

म्हणून अक्कलकुव्याची गोष्ट महत्त्वाची आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं हे आदिवासीबहुल तालुक्याचं गाव. सुरत जिल्ह्यातल्या कोसाडीत 1950 मध्ये जन्मलेले मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी तडकेश्वर आणि सहारनपूरला शिकले, भरूचजवळ कंथारियाच्या दारुल उलूममध्ये शिकवू लागले आणि 1979 मध्ये अक्कलकुव्यात आले. 'जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम'ची सुरुवात झाली ती सहा विद्यार्थी आणि एका शिक्षकावर. पुढच्या काही दशकांत त्याच परिसरात कुरआनच्या हिफ्जबरोबर शाळा, आयटीआय, पॉलिटेक्निक, फार्मसी, युनानी आणि अध्यापक महाविद्यालय उभं राहिलं. जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालयही झालं.

वर्तमानपत्रांनी वस्तानवींची दखल घेतली ती 2011 मध्ये. जानेवारीत ते देवबंदचे मोहतमिम झाले. एमबीए केलेला मोहतमिम म्हणून कौतुक झालं, गुजरातविषयीच्या एका मुलाखतीवरून वादळ उठलं आणि जुलैत त्यांना पायउतार व्हावं लागलं. 4 मे 2025 ला त्यांचं निधन झालं तेव्हाही बहुतेक बातम्यांत हाच वाद होता. मुलाखतीतल्या त्यांच्या बोलण्यावर टीका जरूर व्हावी, ती झालीही. पण वैद्यकीय महाविद्यालय आणि देवबंदचा वाद यांच्या गर्दीत त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हरवली. ती म्हणजे आयटीआय. डॉक्टर व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं, त्याला धाडस लागत नाही. मदरशाच्या कुंपणाच्या आत फिटरचं वर्कशॉप उभं करणं म्हणजे 'कुफू'च्या त्या जुन्या प्रकरणावर, एक शब्दही न बोलता, रेघ मारणं होतं.

याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. 2006 च्या सच्चर समितीने दोन गोष्टी दाखवल्या. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारे शंभरात जेमतेम तीन. आणि काम करणाऱ्या मुसलमानांत सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात, हिंदूंमध्ये हे प्रमाण 55. म्हणजे मदरशात आयटीआय आणून भागणार नाही, कारण बहुसंख्य मुलं मदरशात नाहीतच. ती गॅरेजमध्ये आहेत, फर्निचरच्या दुकानात आहेत, पॉवरलूमवर आहेत. शिकवणाऱ्याला ती 'उस्ताद' म्हणतात. हा शब्द संगीतात वापरला की टाळ्या पडतात, गॅरेजात वापरला की कुणी ढुंकून पाहत नाही.

जर्मनीत 'मायस्टर' झालेला सुतार आपलं प्रमाणपत्र दुकानात टांगतो, आणि शिकाऊ मुलं ठेवण्याचा त्याचा अधिकार कायदा मानतो. आपल्याकडे 1950 पासून सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आहे, 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. पण पंचवीस वर्षांत वीस मुलं तयार करणारा नंदुरबारचा उस्ताद त्या कायद्याच्या लेखी अशिक्षित. त्याच्या हाताखाली आठ वर्षं काढलेला शागीर्द कारखान्याच्या गेटवर जातो तेव्हा त्याला बिगाऱ्याचा भाव मिळतो, आणि दोन वर्षांचा फिटर आयटीआय त्याच्या पुढे आत जातो. धडगावचा पावरा तरुण सुरतेच्या बांधकामावर दहा वर्षं भिंती रचतो, तोही कागदावर मजूरच. आधी शिकलेलं कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आता सरकारी योजनांत आहे. आपल्या जमाती आणि ट्रस्ट दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात. त्यातल्या एका कार्यक्रमाचा खर्च या तपासणीचे अर्ज भरून देण्यावर केला, तर पुढच्याच महिन्यात काही घरांत येणारा पगार बदलेल.

यादीही नीट पाहायला हवी. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळतं. सुतार, लोहार, कुलूपवाला, शिंपी, गवंडी, टोपल्या विणणारा हे सगळे तिथं आहेत. म्हणजे अल-कफ्फालना आज कर्ज मिळालं असतं. पिंजारी त्या यादीत नाही. भांड्यांना कलई करणारा नाही. रोशा तेलाची भट्टी लावणाराही नाही. वगळलेल्या या धंद्यांची मागणी घेऊन मुंबईला किंवा दिल्लीला जाणारं शिष्टमंडळ कोणत्याही मुस्लिम संघटनेने नेल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

आणि घरातली गोष्ट घरातच. खानदेशातल्या आपल्या लग्नांच्या बायोडाट्यात आयटीआय झालेल्या मुलापुढे अजून 'कंपनीत नोकरी' असं मोघम लिहिलं जातं. टर्नर, वेल्डर, वायरमन हे शब्द गाळले जातात. मुलीकडचे विचारतात, मुलगा ग्रॅज्युएट आहे का? बी.ए. होऊन चार वर्षं घरी बसलेल्याला स्थळ येतं.