वाऱ्यासाठी वसलेले माथेरान

कर्जत तालुक्यातले माथेरान मुळात वाऱ्यासाठीच वसले. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्यांना सुमारे 800 मीटर उंचीचा हा आसरा सापडला. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचल्यावर नेरळला उतरून डोली, घोडा किंवा पायी वर जाणे सोपे झाले.

पण वारा सगळीकडे सारखा वागत नाही. कॅरिबियन बेटांवर व्यापारी वारे वर्षभर बहुतेक पूर्वेकडून येतात. तिथल्या पाहुण्याला निदान दिशा तरी ठाऊक असते. माथेरानचा वारा मात्र ऋतूप्रमाणे फिरतो. उन्हाळ्यात तो संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर हवाहवासा वाटतो. जूनमध्ये तोच नैर्ऋत्येकडून धुके आणि पाऊस घेऊन कड्यावर आदळतो.

यावर जुन्या पाहुण्यांचा उपाय सरळ होता: पावसाळ्याआधी बंगले बंद करायचे आणि खाली उतरायचे. उरलेल्या दिवसांत दाट झाडीचा आडोसा आणि खोल व्हरांडे पुरत. ही झाडी टिकली, हे माथेरानचे खरे भाग्य.

1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेल्या दोन फुटी गेजच्या मार्गावर नेरळ ते माथेरान गाडी सुरू झाली. तीही याच पंचांगाने चालते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज स्थानक हा घाटमार्ग बंद असतो. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग इतका उखडला की गाडी थेट 2007 मध्ये परतली. अलीकडे पावसाळ्यात अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल धावते.