सर्पगंधा आणि सलाइन

सोयगावसारख्या तालुक्यातला गंभीर रुग्ण जळगावला, नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेला जातो. दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभागात तोच शांत माणूस नळ्या ओढू लागतो, बरळतो, मुलाला ओळखत नाही. 'वात झाला' म्हणतात तो हाच. बाहेर बसलेले नातेवाईक विनवतात, 'डॉक्टर, झोपेचे इंजेक्शन द्या हो.'

खवळलेल्या माणसाला शांत करणाऱ्या औषधाचा शोध जुना, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी वैद्य पूर्वापार देत. बिहारकडे तिचे नावच 'पागल की दवा'. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे दोन गुण छापून मांडले : ती मनोरुग्णाला शांत करते आणि रक्तदाब उतरवते. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दुसरा गुण धरला. ५० रुग्णांवरचा त्यांचा निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसरपीन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकीलही होते.

पण रेसरपीनचा गुण यायला दिवस लागतात, आणि आधीच रक्तदाब ढासळलेल्याला ते कसे द्यावे? अतिदक्षता विभागात जागा मिळाली ती १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या हॅलोपेरिडॉलला. अनेक दशके ते बरेचसे विश्वासावरच दिले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेतील ५६६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना झिप्रासिडोन, काहींना नुसते सलाइन. भ्रमाचे दिवस तिन्ही गटांत जवळपास सारखेच! अर्थात, त्यातले बहुतेक रुग्ण गप्प पडून राहणारे होते, हेही सांगायला हवे.

श्वासाची नळी उपटणाऱ्याला औषध द्यावेच लागते. डेक्समेडेटोमिडिन त्यातले अलीकडचे. नाडी आणि रक्तदाबावर नजर ठेवून देतात. त्याने माणूस आवरतो. मूळ कारण मात्र शोधावेच लागते : जंतुसंसर्ग, कमी झालेले सोडियम, तुंबलेली लघवी, वेदना. चष्मा, कानाचे यंत्र, रात्रीची झोप आणि ओळखीचा आवाज यांचीही मदत होते.

दारू अचानक सुटल्याने होणारा वात वेगळा. त्याला डायझेपामच्या गटातले औषध लागते. एरवी हेच औषध भ्रम वाढवू शकते. म्हणून डॉक्टरांनी विचारले, तर दारूची गोष्ट लपवू नका, शेवटचा घोट कधी घेतला तेही सांगा.