फिरत्या बिऱ्हाडाचा उजेड : हिंगोली जिल्ह्यातील स्थलांतर आणि सौरऊर्जा

प्रस्तावना :

विजेचा इतिहास सामान्यतः धरणे, औष्णिक केंद्रे आणि खांबांवरून गेलेल्या तारा यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्यामुळे तो ओघानेच स्थिर वस्तीचा इतिहास ठरतो. ज्यांचे बिऱ्हाड वर्षातील काही महिने फिरतीवर असते, त्यांच्या उजेडाची नोंद त्यात क्वचितच सापडते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात अशा बिऱ्हाडांची परंपरा जुनी आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेच्या संदर्भात सौरऊर्जेचा विचार केला आहे.

तांडा ते कोपी :

बंजारा समाजाची लदेणी हा दख्खनच्या दळणवळणाचा एकेकाळी कणा होता. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहणारे तांडे लष्करी मोहिमांनाही रसद पुरवीत. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात वेलस्लीच्या फौजेची बरीच भिस्त त्यांच्यावर होती. तळ पडला की गोण्या रचून आडोसा करावयाचा आणि शेकोटी पेटवावयाची. उजेड आणि ऊब यांचा हिशेब तेव्हा वेगळा नव्हता. पुढे रेल्वेने लदेणीचा आधार काढून घेतला. हिंगोलीपर्यंत पूर्णेहून रेल्वे १९१२ मध्ये आली. तांडे स्थिरावले, परंतु कोरडवाहू जमिनीवर वर्ष निभेना, तेव्हा त्यांतील अनेकांना, आणि त्यांच्याबरोबर इतर समाजांतील अल्पभूधारकांनाही, ऊसतोडीसाठी पुन्हा वाट धरावी लागली. याला जुन्या भटकंतीचे पुनरुज्जीवन म्हणणे मात्र योग्य होणार नाही. लदेणीत माल आणि मार्ग तांडा ठरवीत असे. ऊसतोडीत दोन्ही गोष्टी मुकादमाच्या उचलीने ठरतात.

गळीत हंगामात पाचट, बांबू आणि ताडपत्री यांची कोपी हेच घर. तेथे दीर्घकाळ उजेड होता तो रॉकेलच्या चिमणीचा. रॉकेल मिळे शिधापत्रिकेवर, आणि शिधापत्रिका जोडलेली गावच्या दुकानाशी. म्हणजे माणूस एका जिल्ह्यात आणि त्याच्या वाट्याचे रॉकेल दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती होती. याहून मोठी विसंगती अशी की, याच ऊसाच्या चिपाडापासून अनेक कारखाने वीज निर्माण करून ग्रीडला विकतात.

चाकांवरील घर आणि त्याचे गणित :

सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये तयार केला. भारतात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने तो १९७७ मध्ये बनविला. तथापि फिरत्या घरास तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो एलईडी दिवा स्वस्त झाल्यानंतर. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये भोपाळहून सुरू केलेली 'एनर्जी स्वराज यात्रा' हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प करून त्यांनी एक बसच निवासस्थान केली. तिच्यावर ३.२ किलोवॅटचे सौरपट आणि आत ६ युनिट साठविणारी बॅटरी बसविण्यात आली. दिवे, संगणक आणि स्वयंपाक हे सर्व त्यावर. चार-पाच तास चांगले ऊन मिळाल्यास असे पट बारा-पंधरा युनिटे देऊ शकतात. पण सूर्यास्तानंतर उपयोगी पडतात ती बॅटरीतील सहाच. ग्रीडवाचून राहणाऱ्याची खरी मर्यादा छपरापेक्षा बॅटरीत असते.

कोपीची गरज याच्या तुलनेत नगण्य आहे. ३ वॅटचा दिवा सहा तास जळाला तरी १८ वॅट-तास लागतात. १० वॅटचा लहानसा पट तेवढी ऊर्जा हिवाळ्यातही देतो. अडचण निराळीच आहे. हिंगोली सुमारे पावणेवीस उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो. गाडीवर वा कोपीवर आडवा टाकलेला पट, सूर्याकडे तोंड करून कललेल्या पटापेक्षा, त्या वेळी सुमारे पाव हिस्सा ऊन गमावतो. सावलीतली जागा माणसाला व बैलाला हवी, पटाला नको. आणि पट नीट कलता ठेवून दिवसभर त्यावर लक्ष ठेवावे, तर पहाटेच फडात गेलेल्या जोडप्याच्या कोपीवर थांबणार कोण?

पत्त्याशी बांधलेली वीज :

तंत्र एवढे सुलभ असताना शासकीय योजना मात्र जागा सोडावयास तयार नाहीत. सप्टेंबर २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौरसंच, पाच दिवे व एक पंखा होता. पण तो घराला होता. २०१९ ची 'कुसुम' शेतजमीन गृहीत धरते, तर २०२४ ची 'सूर्यघर' योजना ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपयांचे अनुदान देते ते हक्काच्या पक्क्या छपरावर. गावातील कुलूपबंद घराला मीटर बसला की ते कुटुंब कागदोपत्री प्रकाशित झाले. त्या हंगामात त्याची मुले कोठे वाचतात हे कोणी विचारीत नाही. आयआयटी मुंबईच्या २०१४ च्या उपक्रमात महाराष्ट्रासह चार राज्यांतील विद्यार्थ्यांना सौर अभ्यासदिवे अल्प किमतीत देण्यात आले. तो दिवा मूल सोबत नेऊ शकत होते, हे त्याचे वेगळेपण.

शासनाला फिरते घर मुळीच ठाऊक नाही, असेही नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. पर्यटकांची निवासी वाहने जेथे मुक्कामी थांबतील, अशा वाहनतळांवर पाणी, रस्ता आणि वीज असावी, अशी तरतूद त्यात आहे. ऊसतोड कामगारांचा तळ त्या व्याख्येत बसत नाही.